रीतीचा अर्धा मार्क

माझ्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा, गणिताच्या बाई कशा होत्या? पहिलं सांगतील, तोंडानं फटकळ. दुसरं सांगतील, अर्धा मार्क द्यायच्या. दोन्ही खरं आहे. भवानी पेठेतल्या शाळेत मी इतकी वर्षं गणित शिकवते आणि माझा नियम कधी बदललेला नाही. उत्तर चुकलं पण रीत बरोबर असली, तर अर्धाच मार्क कापायचा. समासात लाल पेनानं लिहायचं, ‘रीत बरोबर, अर्धा कापला’. आणि उत्तर बरोबर असलं पण रीतीचा पत्ता नसला, तर शून्य. मग कुणाचा बाप भांडायला येवो नाहीतर काका. शेजारच्या वहीतून उडून आलेल्या उत्तराला मी मार्क देत नाही.

तर अशा बाईला आमच्या संस्थेनं एके दिवशी सांगितलं, की पाचवीच्या गणिताच्या चाचण्या आता कॉम्प्युटरवर होतील, प्रश्न तुम्ही तयार करा. मुलं उत्तर टाइप करणार, मशीन तिथल्या तिथं तपासणार, निकाल लगेच. मी म्हटलं, ठीक आहे. पण अर्धा मार्क कुठं टाकायचा?

आमचे कॉम्प्युटरचे सर माझ्याच वयाचे. घरी दखनी बोलणारे, शाळेत मराठी, आणि माझ्याशी बोलताना दोन्हीची खिचडी. ते हसले. म्हणाले, “बाई, मशीनकू आधा नइं आता. या तो एक, या तो अंडा.”

मी दोन दिवस त्यांच्याशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. दर चाचणीला साठ-साठ पेपरांचे गठ्ठे पिशवीतून घरी न्यायचे, मान मोडेपर्यंत तपासायचे, आणि वर ‘बाई, माझा अर्धा मार्क राहिला’ म्हणून रांग लागायची. ते सगळं सुटणार होतं. माणूस सुखाला लगेच सोकावतो, मी काही वेगळी नाही.

काम मात्र मी मन लावून केलं हो. प्रश्न लिहिणं सोपं असतं, अवघड असतं ते उत्तर लिहिणं. मशीनला सांगावं लागतं, काय काय आलं तर बरोबर धरायचं. पोरं मराठी आकडे टाकतील, इंग्रजी टाकतील. आकड्याच्या मागं मोकळी जागा सोडतील. हजाराला स्वल्पविराम देतील, कुणी देणार नाही. एखादं पोरगं उत्तरापुढं ‘आंबे’ असं लिहून मोकळं होईल, कारण वहीत मीच तसं लिहायला लावते. हे सगळं मी एकेक करून सरांकडून त्या मशीनच्या डोक्यात घालून घेतलं. सर म्हणायचे, “बाई, बच्चे क्या क्या करेंगे ये आपकूच मालूम.” मला तेव्हा फार बरं वाटायचं.

आणि एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार पडद्यावर आडवे द्यायचे नाहीत. वहीत मांडतो तसे उभे मांडायचे, खाली रेघ, रेघेखाली उत्तराची चौकट. पोरांना परकं वाटायला नको म्हणून. शिवाय कच्चा कागद बंद केला. कागद दिला की माना वळतात, हा माझा जुना अनुभव.

पहिल्या चाचणीत वीस प्रश्न होते. पाच बेरजा, पाच वजाबाक्या, पाच गुणाकार, पाच भागाकार. वीसपैकी दहा मिळाले, की पोर शिष्यवृत्तीच्या वर्गात. तो वर्ग सकाळी शाळेच्या आधी भरतो. दहाच्या खाली गेलं, की पायाभूत वर्ग, म्हणजे पुन्हा दुसरीतिसरीची उजळणी. शनिवारी यादी लागायची होती.

माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक पोर बसायची. बारकी, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. घरी तेलुगू. आई टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जाते. पोरीला गणिताचा नाद होता, एवढं मला माहीत होतं. शिष्यवृत्तीचं एक जुनं पुस्तक तिनं शेजारच्या अक्काकडून मागून आणलं होतं, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि तो सकाळचा वर्ग सुरू व्हायच्या आधीपासूनच ते रोज दप्तरातून आणायची. मी एकदा विचारलं, “आत्तापासून कशाला ओझं वाहतेस गं?” तर म्हणाली, “सवय व्हावी म्हणून, बाई.”

चाचणीच्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत पोरं एकेक खुर्ची सोडून बसली. एक उत्तर टाकलं की समोर हिरवी खूण नाहीतर लाल फुली. थोड्या वेळानं त्या पोरीनं हात वर केला. म्हणाली, “बाई, माझं बरोबर हाय, तरी लाल येतंय.”

मी जागेवरूनच म्हटलं, “व्हय का? नाचता येईना, अंगण वाकडं!”

सगळी खोली हसली. तिनं हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला नाही.

तिला वीसपैकी सात पडले. मी तिचा निकाल उघडून बघितला आणि चक्रावलेच. २४८ आणि ३७५ यांची बेरीज तिनं ३२६ लिहिली होती. अगं, पावणेचारशेमध्ये अडीचशेच्या आसपास मिळवले आणि उत्तर पावणेचारशेपेक्षा कमी? ५०२ मधून १६७ वजा करायचे होते, तर हिचं उत्तर ५३३. वजा करून वाढलं! बेरजेत कमी, वजाबाकीत जास्त, असलं उफराटं गणित मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि भागाकार? पाचच्या पाच बरोबर.

आता तुम्हीच सांगा, बेरीज येत नाही त्या पोराला भागाकार कुठून येईल? मला एकच उत्तर सुचलं. इतकी वर्षं पोरं बघितलेल्या बाईला जे सुचतं, तेच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला बोलावलं. कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून आली बिचारी, केसांत सुताचे धागे तसेच. मी तिच्यासमोर पोरीला विचारलं, “बेरीज येत नाही आणि भागाकार सगळे बरोबर. कुणाचं बघितलंस?”

पोर खाली बघत उभी. आई तिला हळूच म्हणाली, “निजं चेप्पु.” खरं सांग. पोर म्हणाली, “चूडलेदु अम्मा.” या पेठेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं तेलुगू मलाही कळतं. बघितलं नाही, म्हणत होती. मला कळलं, आणि तरी मी ते ऐकलं नाही. मी म्हटलं, “मशीन खोटं बोलत नाही.”

आईनं काही वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, “मग ते पुस्तक परत देऊ का, बाई? अक्काचं हाय. तिच्या पुतणीला पायजे म्हणत होती.”

“शनिवारी यादी लागू दे,” मी म्हटलं. पण माझ्या बोलण्यातून काय कळायचं ते तिला कळलं होतं. जाताना तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात रागाचा नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि उगीचच मला बरं वाटेना.

घरी आले, तर आप्पा शेंगा फोडत बसले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. सांगोल्याकडचे, उभा जन्म मेंढरांमागं गेला, आता माझ्याकडं असतात. शाळेची पायरी चढलेले नाहीत, पण माझ्या शाळेतलं सगळं त्यांना ऐकायचं असतं. मी हातपाय धुतले आणि त्या पोरीचं सगळं उफराटं गणित त्यांना सांगितलं. वाटलं, हसतील.

त्यांनी विचारलं, “त्या लेकराला इचारलंस का, कसं केलं म्हून?”

“विचारायचं काय त्यात? उत्तर समोर दिसतंय की.”

“उत्तर दिसतंय गं. करताना कुटं बघितलंस तू तिला?”

मी चिडले. म्हटलं, मशीन तपासतं आप्पा, मी कुठं कुठं बघत बसू? ते शेंग फोडता फोडता म्हणाले, “तुला बी गुरुजीनं खाली बसवलं हुतं. इसरलीस व्हय?”

विसरले नव्हते. आमच्याकडं मेंढरं विसाविसांनी मोजायची, एक इसा, दोन इसा. पहिलीत गुरुजींनी फळ्यावर गोल काढले आणि किती म्हणून विचारलं. मी सगळ्यांच्या आधी ओरडले, “तीन इसा आन् तीन!” गुरुजी म्हणाले, चूक, खाली बस. त्रेसष्ट हा शब्द मला तेव्हा माहीतच नव्हता. गोल मी बरोबर मोजले होते. घरी येऊन मी एवढी रडले, की आप्पा दुसऱ्या दिवशी मेंढरं भावाच्या ताब्यात देऊन शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, लेकराला परत इचारा, माझ्यासमोर इचारा.

“शेंगा खा,” आप्पा म्हणाले. मी खाल्ल्या नाहीत.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी त्या पोरीला कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. तीच चाचणी उघडली आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत मी पडद्यासमोर उभी राहिले होते, सरांच्या खुर्चीमागं उभी राहिले होते. पोराच्या शेजारी बसले नव्हते. म्हटलं, “कर बाई. मी नुसती बघते.”

पडद्यावर २४८ आणि ३७५, एकाखाली एक. तिनं ओठ हलवले. आठ न पाच तेरा. तीन दाबला. हातचा एक बोटावर धरला. चार न सात अकरा, न एक बारा. दोन दाबला. दोन न तीन पाच, न एक सहा. सहा दाबला.

चौकटीत ३२६.

लाल फुली आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मार खायच्या तयारीनं.

मी विचारलं, “हे असं का गं लिहिलंस?”

“आधी एकक, बाई,” ती म्हणाली. “तुमीच सांगितलंय.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिनं बोटानं टेबलावर ती बेरीज लिहून दाखवली. तीन लिहिला. त्याच्या डावीकडं दोन. त्याच्या डावीकडं सहा. सहाशे तेवीस.

अगं आई गं! वर्षानुवर्षं फळ्यावर पट्टी आपटून मी ओरडत आले होते, आधी एकक, आधी एकक, उजवीकडनं चला! वहीत हात उजवीकडून डावीकडं जातो, म्हणून शेवटी सहाशे तेवीस होतात. चौकटीत आकडा दाबला की पुढचा त्याच्या उजवीकडं जाऊन बसतो. पोरीनं बेरीज बरोबर केली होती, वजाबाकी बरोबर केली होती, गुणाकार बरोबर केले होते. माझ्या आज्ञेनं केले होते. उभी मांडणी मी दिली, कच्चा कागद मी काढून घेतला, आणि आकडे उलटे पडले. भागाकार तेवढा डावीकडून चालतो, म्हणून भागाकार बरोबर!

मी घाईघाईनं तिची बाकीची दोन बरोबर उत्तरं काढली. एका बेरजेचं ७७७. एका गुणाकाराचं २२२. कुठूनही वाचा, तेच.

“तुला ते उलटं दिसलं नाही का?” मी विचारलं.

“दिसलं की. पण वाटलं, मशीन एककापासनं वाचत असंल.” मग म्हणाली, “मी सांगितलं होतं, बाई. लाल येतंय म्हणून.”

सांगितलं होतं खरंच. आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही आठवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते मी स्वतः सारवलं होतं. लाज वाटली मला. कान गरम होतात ना, तशी लाज. पोरं उत्तरापुढं ‘आंबे’ लिहितील इथपर्यंत मी विचार केला होता, पण त्यांचा हात कुठून कुठं जातो हे काही मला सुचलं नाही. वह्या तपासताना ते कळायची गरजच पडत नाही. वहीत आकडे शेवटी जागच्या जागी असतात, आधी कुठला उमटला ते कागद सांगत नाही.

मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते म्हणाले, यादी संस्थेकडं गेली. म्हणाले, “बाई, मशीनचा निकाल आहे. त्यात माणसाचा हात नको, म्हणूनच तर हे सगळं केलं.”

“माणसाचाच हात आहे साहेब त्यात,” मी म्हटलं. “माझा.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. लेखी द्यावं लागेल, म्हणाले, आणि कुणाची चूक ते स्पष्ट लिहावं लागेल. शिवाय पुढच्या महिन्यात हेच प्रश्न संस्थेच्या अक्कलकोटच्या शाळेत जाणार होते, ते थांबतील. त्या प्रश्नांबद्दल मला सभेत शाबासकी मिळाली होती, टाळ्या वाजल्या होत्या. माझ्या मनात एक क्षण आलं, गुपचूप त्या एका पोरीचे मार्क वाढवून घेता येतील का? आलं, खोटं कशाला बोलू? पण तसं केलं असतं तर खोलीसमोर मारलेला माझा टोमणा आणि तिच्या आईसमोर लावलेला तो डाग दोन्ही तसेच राहिले असते. मी तिथंच कागद मागून घेतला आणि लिहिलं: प्रश्न मी तयार केले, मांडणी मी ठरवली, मुलांची उत्तरं बरोबर असून चूक धरली गेली, जबाबदारी माझी.

सगळ्या पाचवीची उत्तरं मी त्या दिवशी वाचून काढली. आणखी तिघं अधूनमधून तसंच करत होती. बाकीच्यांना घरच्या मोबाइलची सवय, ती उत्तर मनात पूर्ण करून मग दाबायची. सरांनी उत्तराच्या एका चौकटीऐवजी आकड्यागणिक एक छोटं घर केलं, आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकारात पहिला आकडा सगळ्यात उजवीकडच्या घरात पडेल असं केलं. म्हणाले, “अब ठीक है, बाई. आधा मार्क फिर भी नइं आता, हां.” कच्चा कागदही मी परत दिला. वळू देत माना.

शुक्रवारी चाचणी पुन्हा घेतली. त्या पोरीला वीसपैकी अठरा. दोन वजाबाक्या खरोखर चुकल्या, शून्यातून उसना घेताना गडबडली. त्या चुका बघून मला फार बरं वाटलं. त्या तिच्या स्वतःच्या होत्या.

शनिवारी यादी लागली, तिचा नंबर होता. तिची आई पोरीला सोडायला आली होती. खाकी कव्हरचं पुस्तक पोरीच्या हातातच होतं, अजून परत गेलं नव्हतं. मी आईला वर्गात बोलावून घेतलं, दारातच ती थांबली. आणि मी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, की चूक माझी होती, हिची नव्हती. हिनं कुणाचं बघून लिहिलं असं मी म्हटलं, ते खोटं होतं. हिनं मला सांगायचा प्रयत्न केला, तर मी हिला हसले आणि तुम्हालाही हसवलं. मी तिच्याकडं बघून म्हटलं, “चुकले गं मी.” हे शब्द या वर्गात मी कधी उच्चारले असतील असं वाटत नाही.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, मग तुमचे मार्क कापा की!”

पोरं फिस्सकन हसली. मीही हसले, काय करणार! टेबलावरचं लाल पेन उचललं, माझी पाठ-टाचणाची वही उघडली, त्यात त्या चाचणीची उत्तरं लिहिलेलं पान काढलं आणि दोन्ही त्या पोरीपुढं धरलं. म्हटलं, “काप.”

तिनं पुस्तक खाली ठेवलं. पेन घेतलं. बराच वेळ पान बघत राहिली, एकेक उत्तर ताडून बघितल्यासारखी. मग समासात, माझ्यासारखंच तिरकं अक्षर काढत लिहिलं: ‘रीत बरोबर, अर्धा कापला’.

त्या पानावरची माझी वीसच्या वीस उत्तरं बरोबर होती. चुकली होती ती रीतच. माझ्या नियमानं मला शून्य बसायला पाहिजे होतं, आणि वर्गात ते फक्त मला माहीत होतं. एरवी एवढी चालणारी माझी जीभ तेव्हा उचललीच नाही. तिनं दिलेला अर्धा मार्क मी घेतला, वही मिटली आणि डोळे दिसू नयेत म्हणून फळा पुसायला वळले.